वेताने निवडलेला टीव्ही

कॉफीचं भांडं शेगडीवरून उतरवता उतरवता वेता म्हणाली, "ग्रिगोरे, नवा टीव्ही घ्यायचाय." माझे कान तिथेच टवकारले.

का म्हणून विचारलं, तर तिने एक सोडून तीन कारणं सांगितली. चित्र हिरवट दिसतं, आवाज मधेच बसतो, आणि सगळ्या गल्लीत आपलाच तेवढा डबा उरलाय. आता मी एकतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. फिलियाश जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांत माणसांचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला. ज्याच्याजवळ तिकीट असतं तो नुसता खिशात हात घालतो. ज्याच्याजवळ नसतं तो कारणं देतो, आणि एकावर कधीच थांबत नाही.

चित्र हिरवट होऊन नऊ वर्षं झाली होती. शिवाय वेता टीव्ही बघते कुठे? ती त्याच्याकडे पाठ करून शिलाई मशीनवर बसते आणि फक्त हवामान सांगायला लागले की मान वळवते. बघतो तो मी. हिरव्या मैदानावर हिरवे खेळाडू पळताना बघायची मला सवय झाली होती आणि माझी काही तक्रार नव्हती.

"पैसे कुठून आणणार?" मी विचारलं.

"माझ्या शिवणाचे आहेत. तू फक्त उचलायला ये."

"आणि आत्ताच कशाला?"

"शनिवारच्या आत हवा."

"शनिवारी काय आहे?"

"शनिवार आहे," ती म्हणाली आणि माझ्या कपात कॉफी ओतली.

शनिवारी उन्हाळ्यातला पितरांचा दिवस होता हे मला माहीत होतं. पण तो दरवर्षीच असतो, आणि त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने कप, सुरया, वाडगे वाटतात. टीव्हीचा त्याच्याशी काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी भलत्याच दिशेला बघत होतो.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे हा म्हातारा उगाच संशयखोर आहे असं कुणाला वाटायला नको. मी वेताचा दुसरा नवरा. पहिला मातेई. लग्नाला दहा महिने झाले असताना तो अक्रोड झोडपायला झाडावर चढला आणि पडला. सव्वीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी वेताने माझ्याशी लग्न केलं, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. पण मातेईच्या आईने पोराच्या थडग्यावरच्या क्रूसावर, आमच्याकडे रीतच आहे तशी, सुनेचंही नाव कोरून ठेवलं होतं. वेता, मग जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि पुढची जागा मोकळी. पुढे मी आमच्या दोघांचा क्रूस करून घेतला तेव्हा त्यावरही हेच कोरलं. म्हणजे आमच्या स्मशानात माझ्या बायकोचं नाव दोन क्रूसांवर आहे, मधे दोन रांगांचं अंतर, आणि दोन्हीकडे रेघेपुढची जागा रिकामी.

दर ईस्टरला वेता दोन्हीकडे मेणबत्ती लावते. आधी कुठे लावते ते मी बघून ठेवतो. एका वर्षी तिकडे, एका वर्षी इकडे, त्यावरून काही आडाखा बांधता येत नाही. एकदाच मी तोंड उघडून विचारलं होतं, "शेवटी कुठे?" ती म्हणाली, "मेल्यावर बघू." एवढ्या वर्षांच्या संसारात त्या प्रश्नाला मला मिळालेलं हे एकच उत्तर. तेव्हा माझा स्वभाव संशयी झाला असेल तर त्यात माझी एकट्याची चूक नाही.

तर आम्ही गाडीने क्रायोवाला गेलो.

दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच पोपट. टोकदार बुटांचा एक तरुण विक्रेता पुढे आला. मी म्हटलं, "जरा बातम्या लाव."

"काका, हा नमुना असतो. रंग बघा ना कसे उठून दिसतात."

"पोपट कुठल्याही टीव्हीवर उठूनच दिसतो. मला एखादा मंत्री दाखव, मग रंगाचं कळेल."

वेताने मला कोपराने ढोसलं. "तू जा, तिकडे धुलाई यंत्रं कशी दिलीत ते बघून ये."

आम्हाला धुलाई यंत्र घ्यायचं नव्हतं. मी दोन रांगा फिरलो आणि शीतपेट्यांच्या आडून परत आलो. एका उंच पेटीचं दार उघडं होतं, त्याच्यामागे उभा राहिलो. तिथून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, पण बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"ज्याने आयुष्यात कधी रिमोट हातात धरला नाही, त्याला हा चालवता येईल का?" वेता विचारत होती.

"मावशी, लहान मूलसुद्धा चालवतं."

"मुलाला येईलच. मी मोठ्या माणसाचं विचारते. हुशार आहे, पण त्याच्या वेळी बटणं टीव्हीलाच असायची."

"मग हा घ्या, पन्नास इंची. रिमोटवरची अक्षरंही मोठी आहेत."

"एकट्या माणसाला एवढा मोठा कशाला? मान दुखेल."

"मग बत्तीस?"

"नको. छोटा दिला तर वाटेल, हिने हात आखडता घेतला."

शेवटी तिने मधला धरला, त्रेचाळीस इंची. मग विचारलं, इंटरनेट नसेल तर चालेल का. मुलगा म्हणाला, "कुठे लावायचाय?" "लांब आहे," ती म्हणाली. "तिथे काय काय पोहोचलंय ते मला ठाऊक नाही."

पेटीच्या दाराची घंटी वाजायला लागली, ते फार वेळ उघडं राहिलं होतं. मी ते बंद केलं आणि धुलाई यंत्रांकडून आल्यासारखा आलो. "महाग आहेत," मी म्हणालो. वेताने माझ्याकडे बघितलंही नाही. रिमोटमध्ये सेल आहेत ना, एवढं तिने दोनदा विचारून घेतलं.

एकटा माणूस. कधी रिमोट न धरलेला. माझ्या डोक्यात एकच नाव आलं, आणि ते आलं म्हणजे अगदी चपखल बसलं. साबिन. समोरच्या घरातला साबिन. त्याची बायको झेनोबिया तीन वर्षांपूर्वी गेली, आणि तिने हयातभर त्याच्या हाती रिमोट दिला नव्हता हे सगळ्या गल्लीला माहीत. मे महिन्यात वीज पडली तेव्हा त्याचा टीव्ही जळून गेला. लांब आहे हे काही जुळत नव्हतं, रस्ता ओलांडला की त्याचं घर, पण विक्रेत्याला बायका खरं सांगतात कुठे? शिवाय साबिन अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. वेताच्या पहिल्या लग्नात यानेच वाजवलं होतं, तो मातेईचा जिवलग मित्र. माझ्या लग्नात मात्र त्याचं बोट दुखत होतं.

परतीच्या गाडीत ते खोकं मी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसलो होतो. तिघांनी विचारलं, कितीला पडला. मी म्हटलं, ते अजून कळायचंय.

घरी आल्यावर वेताने खोकं बैठकीच्या खोलीत ठेवलं आणि त्यावर भरतकामाचा चांगला पंचा घातला.

"उघडायचा नाही का?"

"शनिवारी."

"मग मी आज सामना कशावर बघू?"

"ज्यावर नऊ वर्षं बघतोस त्यावर."

गुरुवारी दुपारी ती गळ्यात मोजायची फीत टाकून रस्त्यापलीकडे गेली. मी द्राक्षाच्या मांडवाखाली उभा राहिलो. साबिनची खिडकी उघडी होती. वेताने त्याची भिंत मोजली, उभी आणि आडवी. त्याने खुर्ची पुढे ओढली, त्यात बसून दाखवलं. तिने खुर्चीपासून भिंतीपर्यंत मोजलं. मग दोघं काहीतरी बोलले आणि साबिनने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच फितीने तिने माझ्या कमरेचं माप घेऊन माझ्या सगळ्या विजारी शिवल्यात.

ती घरात आल्यावर मी मीठ आणायला म्हणून बाहेर पडलो आणि थेट त्याच्या फाटकाशी गेलो.

"साबिन, माझी बायको तुझी भिंत का मोजत होती?"

"तिलाच विचार."

"मी तुला विचारतोय."

"मला बोलू नको म्हणालीय."

"आणि तू ऐकतोस?"

"झेनोबिया गेल्यापासून दरडावणारं कुणी नव्हतं रे," तो म्हणाला. "बरं वाटलं."

"लाज नाही वाटत? या वयात?"

"वयाचा काय संबंध?" साबिन माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हटलं. कुणीतरी म्हणायलाच लागतं ना."

याहून जास्त कबुली काय असते? मी मीठ न घेताच परत आलो. वेताने कोबीच्या पानातले सारमाले केले होते, माझ्या आवडीचे, आंबट मलईबरोबर. मी दोन ताटात तसेच टाकले. तिने विचारलं, "पोट बिघडलं का?" मी म्हटलं, "माझं नाही." तिला त्याचा अर्थ लागला नाही, किंवा लागला तरी तिने दाखवलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाजारातून आलो तर खोकं उघडलेलं होतं. टीव्ही जेवणाच्या टेबलावर, त्याच्या एका पायाला लाल दोऱ्याने चेरींचे झुबके बांधलेले, आणि वेता रिमोटला एक पिवळी मेणबत्ती बांधत होती. दोऱ्याचं टोक तिने दातात धरलं होतं. मी दारातच उभा राहिलो, पिशवीतल्या काकड्या हातात, आणि एकदम सगळं लक्षात आलं. पोमाना.

ही आमची पद्धत. गेलेल्या माणसाच्या नावाने इथे जे द्याल ते त्याला तिथे मिळतं. माझ्या आईने वडिलांसाठी सायकल दिली होती, कारण त्यांचे गुडघे दुखायचे. लोक पलंग देतात, ताटं देतात, आता फोनही द्यायला लागलेत. बाईसाठी बाईला द्यायचं, पुरुषासाठी पुरुषाला, आणि ज्याला द्यायचं त्याची आधी संमती घ्यायची. देताना ज्याचं नाव घ्याल त्याला ते पोहोचतं, आणि जसं द्याल तसंच पोहोचतं. माझ्या मावशीने एकदा कानतुटका कप दिला, तर सासू स्वप्नात येऊन भाजलेली बोटं दाखवून गेली.

"कुणासाठी?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

तिने तोंडातला दोरा काढला. "मातेईसाठी. स्वप्नात आला होता."

"आणि टीव्ही मागितला?"

"नाही. टीव्ही माझं मी ठरवलं."

"मग काय मागितलं?"

"देणं होईपर्यंत स्वप्न सांगायचं नसतं. आई म्हणायची."

"तुझी आई पुष्कळ काही म्हणायची. त्याने काय मागितलं?"

"उद्या सांगते, ग्रिगोरे. त्या काकड्या खाली ठेव."

साबिनवरचा माझा संशय गेला त्या क्षणी मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. साबिनला दोन दात नाहीत आणि तो झोपेत घोरतो ते रस्त्यापलीकडे ऐकू येतं. त्याच्याशी मी लढलो असतो. पण ज्याच्या डोक्यावरचे केस त्रेचाळीस वर्षं पांढरे झाले नाहीत, ज्याने कधी वेताला उलट उत्तर दिलं नाही कारण द्यायला वेळच मिळाला नाही, त्याच्याशी कसं लढायचं? आणि बाई त्याला टीव्ही का पाठवते? घर मांडायला. आधी टीव्ही, पुढच्या वर्षी खुर्च्या, मग पडदे. शेवटी सगळं लागलं की स्वतः जायचं. तिकडच्या क्रूसावरच्या रेघेपुढे साल कोरलं जाणार, आणि मी दोन रांगा मागे, एकटा, माझ्या शेजारी वेताचं नाव आणि पुढे कायमची मोकळी जागा.

इतकी वर्षं मी त्याला नावाने कधी म्हटलं नाही. 'तो' म्हणायचो. त्या दिवशी मनात दुसरं काही म्हणत होतो, ते लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळी वेता उकडलेल्या गव्हाचा प्रसाद घेऊन चर्चला गेली. मी टेबलाशी गेलो. टीव्ही काळाभोर चकाकत होता आणि त्यात माझं तोंड दिसत होतं, टक्कल, डोळ्यांखाली पिशव्या. मी रिमोट उचलला. मेणबत्तीला धक्का न लावता मागचं झाकण सरकवलं, दोन्ही सेल काढले आणि झाकण परत बसवलं. सेल जाकिटाच्या खिशात टाकले. घे, म्हटलं. बस आता काळ्या काचेपुढे आणि बघ स्वतःचं सव्वीस वर्षांचं तोंड. सेल तिकडे कुठल्या दुकानात मिळतात तेही बघूच.

ती आल्यावर टीव्ही मीच उचलला. दुसरं कोण उचलणार? रस्ता ओलांडताना चेरी माझ्या मनगटावर आपटत होत्या. साबिन उंबऱ्यात उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. वेताने मेणबत्ती पेटवली. भर उन्हात ज्योत दिसतही नव्हती. तिने रिमोट त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे मातेईच्या आत्म्यासाठी असो. त्याच्यापुढे असो, त्याच्या हाताशी असो."

"बोगदाप्रोस्ते," साबिनने टोपी काढून म्हटलं. देव त्याला क्षमा करो, असं घेणाऱ्याने म्हणायचं असतं, म्हणजे दान पोहोचलं.

मी टीव्ही त्याच्या भिंतीपाशी ठेवला. वळून बघितलं तर वेता रडत होती. माझ्यासाठी ती शेवटची कधी रडली ते आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला आठवलं नाही.

घरी आलो. मांडवाखाली बाकावर बसलो. वेताने उरलेल्या चेरी वाडग्यात घालून आणल्या आणि माझ्या शेजारी बसली. मी एक तोंडात टाकली.

"आता सांग," मी म्हणालो. "झालं ना देऊन."

"सांगते." तिने एप्रनला हात पुसले. "त्याच्या आईच्या घराबाहेर तो बाक होता बघ, त्यावर बसला होता. तसाच. माझ्याकडे बघितलं आणि शेजारची जागा हाताने झाडली. म्हणाला, वेता, जागा धरून ठेवलीय."

चेरीची बी माझ्या दातात अडकली होती. मी ती तशीच ठेवली.

"मग?"

"मग मी म्हटलं, मातेई, मी नाही यायची तिथे. मी ग्रिगोरेजवळ बसणार आहे."

समोरच्या रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. मी त्या सायकलकडेच बघत होतो म्हणून ते लक्षात आहे. वेताकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

"तो भांडला नाही," वेता सांगत होती. "कधीच भांडायचा नाही. त्याच्यासमोर एक पांढरी भिंत होती, नुसती. तिच्याकडे बघत राहिला आणि मग विचारलं, मग मी काय बघू?" तिचा आवाज पुन्हा भरून आला. "त्रेचाळीस वर्षं त्या माणसाने वाट बघितली, ग्रिगोरे. त्याला नाही म्हणायचं ते रिकाम्या हाताने कसं म्हणायचं? मी खूप विचार केला. तुला टीव्हीपुढे बसवलं की तू सहा सहा तास मला हाकसुद्धा मारत नाहीस. म्हटलं, पुरुषांना चालतं ते."

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"एकदा विचारलंस."

"मेल्यावर बघू म्हणालीस."

"मग? त्याला सांगायच्या आधी तुला सांगायचं? पहिला हक्क त्याचा होता."

मी बी थुंकली. मला काय झालं ते सरळ सांगतो. इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हा झाला होता, आणि इतकी लाज त्याआधी किंवा नंतर कधीच वाटली नव्हती. दोन्ही एकदम आलं. जाकिटाच्या खिशातले दोन सेल बरगडीला टोचत होते.

तेवढ्यात साबिन फाटकाशी आला. रिमोट त्याच्या हातात होता, अर्धी मेणबत्ती अजून त्याला बांधलेली.

"वेता, हा काही लागत नाही. मी सगळी बटणं दाबून बघितली. लाल दाबलं, हिरवं दाबलं, काही नाही."

"असं कसं? दुकानात चालत होता." वेता उठून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. चेहऱ्यावरचा रंग पार उतरला. "म्हणजे तिकडेही लागत नसेल."

"काहीतरी ढिलं असेल," साबिन म्हणाला.

"तो बसलाय तिथे आणि बटणं दाबतोय. त्याला वाटेल, मी त्याला फसवलं. नाही म्हटलं ते म्हटलं, वर काळी पाटी पाठवली."

माझ्या जिभेवर कारणं तयार होती. दुकानवाल्याने जुने सेल घातले असतील. गाडीच्या धक्क्याने हलले असतील. साबिनला रिमोट कळत नाही हे तर सगळ्यांना माहीत. पुरती तीन, आणि एकाहून एक चांगली. मी ती गिळली आणि नुसता खिशात हात घातला.

दोन्ही सेल तळहातावर घेऊन मी तिच्यापुढे धरले. वेताने ते बघितले, मग मला बघितलं.

"कधी काढलेस?"

"तू चर्चला गेलीस तेव्हा."

"मेलेल्या माणसाचे?"

"सव्वीस वर्षांचा आहे तो," मी म्हणालो.

ती हसली नाही. रागावलीही नाही, निदान तेव्हा नाही. नंतर रागावली, आठवडाभर, पण ती वेगळी गोष्ट. तिने एप्रनच्या खिशातून मेणबत्तीचा एक तुकडा काढला, काडी ओढून पेटवला आणि माझ्या दुसऱ्या हातात दिला.

"तूच दे," ती म्हणाली. "आणि नाव घेऊन दे. नाहीतर पोहोचायचं नाही."

मी फाटकाशी गेलो. साबिनने टोपी काढली, त्याला आता काहीच कळत नव्हतं, पण मेणबत्ती दिसल्यावर टोपी काढायची एवढं त्याला कळतं. एका हातात मेणबत्ती, एका हातात सेल. नाव जिभेवर यायला वेळ लागला.

"हे मातेईच्या आत्म्यासाठी असोत," मी म्हणालो. एवढ्यावर थांबावंसं वाटेना. "उशीर झाला. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

"मला म्हणतोस की त्याला?"

"त्याला."

"बोगदाप्रोस्ते," साबिन म्हणाला आणि सेल घेऊन घरात गेला.

मी परत येऊन बाकावर बसलो. वेताने माझ्या हातातली मेणबत्ती फुंकून विझवली आणि तुकडा जपून खिशात ठेवला. आम्ही ऐकत बसलो. आधी काही नाही. मग साबिनच्या खिडकीतून एकदम कुणीतरी गाणं म्हणायला लागलं, इतक्या मोठ्याने की मांडवावरच्या चिमण्या उडाल्या. वेताने डोळे मिटले आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"लागला," ती म्हणाली.

थोडा वेळ तिने ते सहन केलं. मग डोळे उघडले.

"ग्रिगोरे, जा, आवाज कमी ठेवायला सांग," ती म्हणाली. "दोन रांगा सोडून तर आपण असणार."

मी उठलो आणि सांगायला गेलो.